काचेच्या कपाटातली बादली

नाक धरू नका, मला घासूनपुसून ठेवलंय. मी बादली बोलतेय. नेब्रास्कातल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर मुलींना ओकायला ठेवतात ना, ती. टीव्हीवर मला पाहिलं असेलच तुम्ही, मी आता प्रसिद्ध आहे.

माझा जन्म साध्या प्लॅस्टिकच्या कारखान्यातला. एकीत एक बसवलेल्या करड्या बहिणींबरोबर ट्रकमधून इथे आले. सुरुवातीला मैदानाच्या छतातून गळणारं पाणी झेलायचे. पुढे मुलींच्या संघावर गर्डा स्ट्रँड नावाच्या कोच आल्या आणि माझी बदली मैदानाच्या कडेला झाली. छताचे दिवस बरे होते, हे मला पहिल्याच दुपारी कळलं.

मैदानावर आडव्या रेषा आहेत. पळत जायचं, रेषेला हात लावायचा, परत यायचं, मग पुढची रेषा. एकीचा जरी हात रेषेला लागला नाही, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून पळायचं. आणि गंमत म्हणजे कोच बघायच्याच नाहीत! मुलींकडे पाठ करून भिंतीकडे तोंड. जिचा हात चुकला तिनं आपणहून हात वर करायचा. "जिचा हात तिलाच माहीत," असं त्या म्हणायच्या. दुपारच्या जेवणातली चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचा गोड रोल तीन वाजेपर्यंत माझ्यात यायचा, तरी मुली खोटं बोलायच्या नाहीत. मला त्या बाईचा राग यायचा, पण त्या पाठीबद्दल फार आदर वाटायचा.

मग टीव्हीवाले आले. त्यांना म्हणे संघाचं पडद्यामागचं खरं आयुष्य दाखवायचं होतं. खरं आयुष्य जरा अंधारात होतं, म्हणून त्यांनी मोठे दिवे लावले. त्यांचा दिग्दर्शक ग्रँट फार गोड बोलायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "कोच, पाठ काय दाखवायची लोकांना? तोंड इकडे करा ना."

आणि कोचनी तोंड इकडे केलं!

त्यानंतर बाईंना कंठच फुटला. आधी त्या फक्त "पळा" म्हणायच्या. आता कॉलरला माईक लागला की म्हणायच्या, "पोरींनो, रेषा मैदानावर नसते, रेषा मनात असते!"

"मग मनातच पळू का?" संघाची कप्तान ब्रिन पुटपुटली. तेवढं मात्र टीव्हीवर आलं नाही.

माझ्यावर उजेड बरा पडत नाही म्हणून ग्रँटनं मला उचलून खांबापाशी नेलं. एक मुलगी सवयीनं धावत जुन्या जागी आली आणि तिथे ग्रँटचे नवे बूट होते. इतकी वर्षं ओकारी पोटात घेतली, पण असं समाधान कधी लाभलं नव्हतं.

त्या वर्षी संघात एकच जागा, एकच जर्सी उरली होती. तिच्यासाठी दोघी झगडत होत्या. त्यातली एक टेसा वोंद्रा. तिच्या घरी डुकरं पाळायचे, शाळेत असताना ती पहाटे त्यांना खायला घालून जायची. अंगानं किरकोळ, पण पळताना मागे बघायची नाही. जर्सी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार नाही, घरीच जाणार, असं तिनं ब्रिनला सांगितलं होतं. दोघी माझ्याशेजारीच बसल्या होत्या तेव्हा.

शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. सगळ्या जणी जीव तोडून पळाल्या आणि वेळेत आल्या. एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, हसल्या. ग्रँटला तर आभाळ ठेंगणं झालं. "वा! मिठ्या सोडू नका, मिठ्या सोडू नका!"

त्या गर्दीतून एक हात वर आला.

"कोच, तिसऱ्या रेषेला माझा हात लागला नाही."

ग्रँटचा चेहरा पडला. "कोच, असं दृश्य पुन्हा मिळायचं नाही हं," तो हळूच म्हणाला.

कोचनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. "लागला होता, टेसा. मी बघितलं."

"नाही लागला, कोच."

"मी सांगतेय ना, लागला!"

"पण जिचा हात तिलाच माहीत, असं तुम्हीच म्हणता की."

मग ब्रिन गुडघे चोळत उठली. "चला गं बायांनो, पळा. टेसा काही आता ऐकायची नाही." शिव्या घालत, कण्हत सगळ्या जणी पुन्हा पळाल्या. कोचनी पळा म्हटलं नव्हतं, तरी पळाल्या. ग्रँटनं तेही टिपून घेतलं.

शेवटी टेसा माझ्यात डोकं घालून ओकली. तोंड पुसायच्या आधी तिथल्या तिथे म्हणाली, "गेली माझी जर्सी." ते मी एकटीनं ऐकलं.

जर्सी दुसरीला मिळाली. "टेसाला अजून संघात मिसळता येत नाही," असं कोच कॅमेऱ्यासमोर डोळे ओले करून म्हणाल्या. मग माईक काढून खिशात ठेवला आणि टेसाला बाजूला घेतलं. "चारचौघांत मला खोटं पाडायचं नसतं, पोरी." टेसानं मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. मला धुवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

टीव्हीवर काय दाखवलं, सांगते. टेसाचा वर आलेला हात. मग लगेच कोचचा भलत्याच दिवशीचा आवाज, "आमच्या संघात खोटं चालत नाही." मग सगळ्या पळतायत आणि मागे व्हायोलिन. लोक ढसाढसा रडले. मला संघाच्या रंगात रंगवून दाराशी काचेच्या कपाटात ठेवलं. शेजारी पडद्यावर तेच दृश्य दिवसभर चालतं. सामन्याच्या दिवशी माझ्यासारख्या छोट्या बादल्यांतून मक्याच्या लाह्या विकतात. लोक त्या चवीनं खातात! मी कशासाठी होते हे माहीत असून खातात. माणसाच्या पोटाचं मला खरंच कौतुक वाटतं.

आज एक उंच मुलगी आईबरोबर आली होती. पुढच्या वर्षी हिला घ्यायचंय म्हणून कोच स्वतः सगळं दाखवत होत्या. मुलगी पडद्यासमोर थांबली. टेसाचा हात वर आला तशी म्हणाली, "मी हिच्यासाठी आलेय इथे. मला हिला भेटायचंय."

कोच हसल्या. "ती ना? ती आमच्या सगळ्यांच्या मनात आहे."

"म्हणजे संघात नाही?"

"चल गं," आईनं तिचा दंड धरला, "कोचना कामं असतील."

मुलगी हलली नाही. पोरी, अशीच उभी राहा. आईनं ओढलं तरी पुन्हा विचार, मोठ्यानं विचार. मला सगळं माहीत आहे गं, पण मी काचेआड आहे.