छपराचा पाव हिस्सा

वादळात कौलं उडाली, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या वहिनी डगमगल्या नाहीत. डगमगल्या त्या नियम कळल्यावर. छप्पर पाव हिश्शापर्यंत मोडलं असेल तर दुरुस्ती चालते. त्याच्या वर गेलं की सगळंच उतरवून नव्या नियमाप्रमाणे बांधायचं, आणि तोवर घर रिकामं. चांगले तीन महिने! इकडे सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कूस बदलायला दोन माणसं लागत. त्यांना न्यायचं कुठं?

त्यात धाकट्या दिरानं घोळ घातला. तो हाडाचा छप्परवाला. फुटकं कौल काढताना ही माणसं शेजारची चांगली कौलंही उतरवतात, म्हणजे वाशांवर पाय ठेवायला जागा होते. नुकसान तपासायला सरकारी साहेब यायच्या आत तेवढं उरकू म्हणून गडी सकाळीच वर चढला. वहिनी बाहेर येऊन बघतात तो अर्धं छप्पर बोडकं! त्यांनी त्याला असा फैलावर घेतला की बिचारा शिडीवरच बसून राहिला.

तपासनीस आले. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. वर एकदा बघून ते कागदावर अर्धं छप्पर गेल्याचं लिहू लागले, तसं वहिनींनी दिराला पुढं ढकललं. दिरानं मान खाली घालून आपला गाढवपणा कबूल केला. साहेबांचं पेन थांबलं. काढलेली कौलं कुठं आहेत, त्यांनी विचारलं.

"उघडं छप्पर म्हणजे मोडलेलं छप्पर नव्हे," ते म्हणाले. "मला मोडलेलं मोजायचंय."

आणि तो देवमाणूस मागच्या अंगणात खरंच मांडी ठोकून बसला. एकेक कौल उचलायचं, बोटानं वाजवायचं. खणखणीत वाजलं की चांगलं, उजवीकडे; बद्द वाजलं की तडकलेलं, डावीकडे. दुसरा कुणी सही ठोकून केव्हाच चालता झाला असता. ऊन डोक्यावर आलं, चहा दोनदा गरम करून दोनदा निवला. शेवटी हिशेब लागला: वादळात उडालेली धरून सगळ्या छपराची शंभरात तेवीस कौलं मोडलेली, म्हणजे पाव हिश्शाच्या आत. त्यांनी कागदावर 'दुरुस्ती' लिहिलं.

उपकार कसे फेडू, वहिनी म्हणाल्या. नियमातच आहे ते, बाई, म्हणत साहेब निवलेला चहा पिऊन निघून गेले.

वहिनी धावत आत गेल्या. सासूबाई जाग्याच होत्या. उशाशी चष्मा, औषधाची डबी आणि एक साडी, सगळं टॉवेलात गाठ मारून ठेवलेलं. पडल्यापडल्या ती गाठ कशी मारली, देव जाणे.

"मला वृद्धाश्रमात ठेव," त्या म्हणाल्या. "तुझी ओढाताण नको. कधी निघायचं?"

वहिनींनी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि पोटभर रडल्या.

"कुठंच नाही, आई. तुम्ही माझ्याजवळच राहायचं."