हॅटनपर्यंत

काशिनाथ लग्नाचं विचारणार, हे मला चेन्नईच्या विमानतळावरच कळलं होतं. हरिप्रियाला तर माझ्याही आधी. कारखान्यातून त्याची चाकणला बदली झाली होती, महिन्याभरात तो चेन्नईतलं अंबत्तूर सोडणार होता. त्याआधी म्हणून आम्ही चौघं श्रीलंकेला आलो. तो, मी, हरिप्रिया आणि संजीव, सगळे त्याच कारखान्यातले. मला त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. राहतो. बदली नको, इथंच राहतो. बाकी त्यानं काही विचारलं नसतं तरी चाललं असतं.

कँडीहून नानू ओयाची गाडी धरली. तिसऱ्या वर्गात जागा मिळाली. हरिप्रिया संजीवला ओढत फोटो काढायला दाराशी घेऊन गेली आणि परत आलीच नाही. मुद्दाम.

खिडकीबाहेर चहाचे मळे आणि धुकं. काशिनाथ म्हणाला, अगदी महाबळेश्वर. मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही.

तो करमाळ्याकडचा. आम्ही तंजावरचे मराठी, आता चेन्नईत अड्यारला. कँटीनमध्ये मी अम्माशी फोनवर आमच्या मराठीत बोलत होते, ते ऐकून हा पठ्ठ्या ताट सोडून उठला. मग टेबलाटेबलावर मला फिरवून, बोलून दाखव, म्हणाला. मी बखरीतून उठून आल्यासारखी बोलते म्हणे. पोपट केला माझा. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच टेबलावर जाऊन बसले. घरातल्या चार माणसांपलीकडे त्या भाषेत मला कुणी कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. तो रोज विचारायचा. एवढ्यावर जीव जडतो माणसाचा, काय करता.

नावलपिटियाला एक म्हातारी चढली. चहाच्या मळ्यातली, तमिळ. मी सरकून जागा दिली. कुठल्या गावची, विचारलं तिनं. चेन्नई म्हटल्यावर तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

तिची धाकटी बहीण चेन्नईजवळच एन्नोरला होती. दोन सरकारांनी करार केला, मळ्यातली तमिळ माणसं वाटून घेतली. हिच्या वाट्याला लंका आली, बहिणीच्या वाट्याला इंडिया. दोघी मळ्यातल्या एकाच खोलीत जन्मलेल्या. बहिणीनं तोवर समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. याच रुळांवरून तिला खाली बोटीकडे नेलं. हॅटन स्टेशनवर अख्खा मळा रडत उभा होता. आता फोनवर बहीण एकच विचारते, धुकं उतरलं का? तिकडे वीजकेंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, असं सांगते.

काशिनाथला तमिळ येत नाही. आठ वर्षं राहून येत नाही. मी त्याला सगळं मराठीत सांगितलं.

"म्हणजे आपल्या देशात परत गेली," तो म्हणाला. "बरंच झालं की."

म्हातारीनं विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, धुकं छान आहे म्हणतोय.

मग त्यानं माझा हात धरला.

"रंजनी, चल माझ्याबरोबर. अम्माअप्पांनाही घेऊन चल. तीनशे वर्षं झाली, बस झालं आता. आपल्या घरी परत या."

डोळे भरले होते त्याचे. नाटक असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तो खरंच म्हणत होता. असे पुष्कळ येतात तिकडून. आम्हाला बघून गहिवरतात, आमची वर्षं मोजतात, जत्रेत चुकलेलं पोर सापडल्यासारखे घरी न्यायला निघतात. अरे, पण हरवलंय कोण?

"परत कुठं?" मी विचारलं. "तिथं माझी वाट कोण बघतंय?"

"मी."

गाडी बोगद्यात शिरली. त्या अंधारात मी जवळजवळ हो म्हणाले होते.

उजेड आल्यावर म्हटलं, "मग तू राहा. अड्यारला घर बघू."

तो हसला. त्याला गंमत वाटली.

"चेन्नईत? जन्मभर? अगं, तिथं माझं कोण आहे?"

हे म्हणताना त्यानं माझा हात सोडलेला नव्हता. मी सोडवून घेतला. येणार नाही म्हणून सांगितलं. का, ते त्यानं दोनदा विचारलं.

हॅटनला म्हातारी उतरली. उतरताना म्हणाली, "कण्णू, पोरी, एन्नोरला गेलीस तर तिला सांग, धुकं उतरलंय." एन्नोर केवढं आहे, तिला काय ठाऊक. पत्ता विचारायचं मला सुचलं नाही. गाडी सुटल्यावर सुचलं.

काशिनाथ चाकणला गेला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. जेवलीस का, विचारतो. जेवले, म्हणते. नंतर कितीतरी वेळ फोन कानालाच असतो.

मागच्या रविवारी मी बस धरून एन्नोरला गेले. सिलोनहून आलेली बाई कुठं राहते, असं विचारत फिरले. एका गल्लीकडे बोट दाखवलं कुणीतरी. तेवढ्यात फोन वाजला. मी तो वाजू दिला. उचलला असता आणि त्यानं जेवलीस का विचारलं असतं, तर त्या दिवशी मी चाकणला निघाले असते.

त्या गल्लीत सिलोनची बाई एक नव्हती, प्रत्येक दारात होती. कुणाची बहीण कोण, कसं कळणार? मी प्रत्येकीला सांगितलं, धुकं उतरलंय.