कल्ला कुणी उघडायचा?

जुनी वस्तू विकताना तिची चांगली बाजू पुढे करावी, यात आपल्यापैकी फारसे कुणाला वावगे वाटत नाही. पावस गावच्या यासीनलाही वाटले नव्हते.

त्याच्या वडिलांची फियाट घरामागे माडाखाली कित्येक वर्षे उभी होती. २००६ साली घरात इंटरनेट आले आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे एक पान यासीनला सापडले. तिथे सुट्या भागांची खरेदी-विक्री चाले. त्याने गाडीचा एक दरवाजा उतरवला. वरून झकास, पण खालची कड खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेली. यासीनने तिथे लांबी, म्हणजे भोके बुजवायचा लगदा, भरली, रंग मारला, समोरून फोटो काढला आणि लिहिले, 'ओरिजिनल दरवाजा. कंडिशन टॉप.'

चिपळूणच्या हरिश्चंद्ररावांनी तो लगेच घेतला. पुरात बुडालेली आपली फियाट ते पुन्हा उभी करत होते. मुलीची पाठवणी त्याच गाडीतून करायची होती.

थोड्याच दिवसांत त्यांचा मजकूर त्या पानावर आला. यासीन धास्तावून वाचू लागला.

'यासीनभाई, दरवाजा बसवताना खालची कड हातात आली. वाटेत आपटला असणार. तुमचा दोष नाही, फोटो मी पाहिला होता. टेम्पोवाल्या महिपतला फैलावर घेतले, तर कबूलच करत नाही. त्याला कामावरून काढायला त्याच्या मालकाला सांगतो आहे. खरे बोलायला माणसाचे काय जाते?'

"सुटलो!" यासीन मोठ्याने म्हणाला.

"कशातनं सुटलास रे?" आतून अम्मीने, शरीफाबींनी, विचारले. त्या बांगडे साफ करत होत्या. यासीनने हसत हसत सगळे सांगितले. विळीवरचा हात थांबला.

"म्हणजे गंज तुझा, नि बोल त्या टेम्पोवाल्याला?"

"मी खोटं कुठं बोललो, अम्मी? दरवाजा तोच होता. घेणाऱ्याने विचारायचं ना, मागनं कसा आहे म्हणून!"

"हे बांगडे बघ. मी विचारायच्या आत मासेवाल्या कमळाने कल्ला उघडून आतला ताजा लाल रंग दाखवला. परवा तर म्हणाली, भाभी, आजचे नको, बर्फातले आहेत."

"ती नाही दाखवणार तर तू स्वतः उघडून बघशील. म्हणून दाखवते!"

"तेच तर! बाजारात माझा हात पोचतो. त्या चिपळूणच्या माणसाचा हात तुझ्या काचेच्या पेटीतनं आत जातो काय? मग कल्ला कुणी उघडायचा? तू! तू तर तो रंगवून बंद केलास. दरवाजाला लांबी भरलीस ती भरलीस, आता जिभेला भरू नको."

यासीनचे हसू मावळले. पडद्यावरचे शेवटचे वाक्य त्याने पुन्हा वाचले. खरे बोलायला माणसाचे काय जाते? ते महिपतला उद्देशून होते. पण कान यासीनचे तापले!

तो लिहायला बसला. 'खाली थोडा गंज असावा.' त्याने 'थोडा' खोडले. मग 'असावा' खोडले. शेवटी सगळ्यांना दिसेल असे लिहिले, 'गंज होता. मला ठाऊक होता. मी तो झाकला. महिपतचा काही दोष नाही.'

सुट्टीच्या दिवशी दरवाजाचे पैसे घेऊन तो चिपळूणला गेला. हरिश्चंद्ररावांनी महिपतलाही बोलावून घेतले होते.

"गोधडीत गुंडाळून आणला होता हो मी," महिपत म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच यासीनला सोसवेना. त्याने हात जोडले, पण मान वर होईना.

"मान मीही खाली घालायला हवी," हरिश्चंद्रराव म्हणाले. "फोटोवर विश्वास ठेवला, समोरच्या माणसावर नाही. महिपत, चुकलो बाबा. आणि यासीनभाई, दुसरा दरवाजा मिळेपर्यंत तुम्हीही शोधायचा बरं!"

यासीनने शोधला, आणि लग्नाआधी तो मिळालाही. पुढे त्याने मागचा दिवा विकायला ठेवला, तेव्हा काचेवरच्या चिरेचा फोटो सर्वांत वर लावला. खाली हरिश्चंद्ररावांनी लिहिले, 'कल्ला पाहिला. दिवा मला द्या.'

मित्रहो, घेणारा दूर असला की त्याचे डोळे आणि हात आपल्याच स्वाधीन असतात. आपण लपवलेला दोष नाहीसा होत नाही. तो भलत्याच्याच माथी बसतो. म्हणून कुणी विचारण्याआधीच आपण तो दाखवावा.