रविवारपुरती टाळू

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, दातांच्या दवाखान्यातली. ऐकताच गालावर हात गेला ना तुमचा? जाऊ द्या, आता मी कुणाला छळत नाही.

डॉक्टर एडविन यांनी मला भाईंदरला आणलं ते १९३६ साली. मिठागरातले मजूर, उत्तनचे कोळी माझे हात घट्ट आवळून दात उपटून घेत. डॉक्टरांचा जीव मात्र दुसऱ्याच कामात होता. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांना ते कडक रबराची टाळू करून बसवत. ही विद्या ते खास शिकून आले होते. पण दाराशी दाढदुखीवाले कण्हत असताना तिला सवड कुठली?

एकदा तारोडी गावची बर्नडेट आपल्या लहानग्या सबीनाला घेऊन आली. पोरीचं सगळं बोलणं नाकातून, स्वतःचं नावही कुणाला कळत नसे. डॉक्टरांनी मेणाचा साचा घेतला, टाळू केली, बसवली. बऱ्याच खटपटीनंतर पोर म्हणाली, "सबीना." बर्नडेटला रडू आवरेना. मलाही भरून आलं.

"हिला जप हां," डॉक्टर टाळूकडे बोट दाखवत म्हणाले. तेवढ्यात बाहेर गाल सुजलेला एक जण ओरडला आणि ते धावले. टाळू रोज घालायची, रोज बोलायचं, तोंड वाढेल तशी नवी करायची, हे सांगायचं राहूनच गेलं.

काही वर्षांनी मायलेकी परत आल्या तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात होती.

"डाक्टर, आता ही बसत न्हाय."

"रोज घालत होती ना?"

"न्हाय! तुमी जप म्हनालात, म्हनून पेटीत लग्नाच्या लुगड्यात जपून ठेवली हाय. रविवारी चर्चात मिस्सेला तेवढी घालते."

डॉक्टर मटकन माझ्यावरच बसले. "चूक माझी हाय, बाय," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारी दात काढणं बंद, दुपार टाळूच्या मुलांची. पण लढाईत तसलं रबर मिळेना. वाट पाहता पाहता डॉक्टरच तापानं गेले.

दवाखान्याचं सामान हलवत होते तेव्हा मोठी झालेली सबीना आली. माझ्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली. हमालानं नाव विचारलं, तिनं सांगितलं, त्याला कळलं नाही. मला कळलं.

मित्रांनो, जीव लावलेली वस्तू पेटीत ठेवू नका, वापरा. मी वापरून झिजले, माझं काही बिघडलं नाही. ती टाळू मात्र अजून नवीकोरी आहे.