उजव्या दरवाजाची दुरुस्ती कोणी करायची

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचा पुढचा उजवा दरवाजा आहे. आपली कहाणी गाडीनं सांगावी हे बरं दिसतं, दरवाजानं सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण इंजिनाला बोलायला सांगाल, तर ते स्वतःच्या तब्येतीपलीकडे जाणार नाही. आणि जे घडलं ते माझ्याच अंगावर घडलं, तेव्हा मीच सांगतो. माझ्या बोलण्यात फारसा चढउतार सापडला नाही तर राग मानू नका. माझ्या निम्म्या अंगावर लांबी भरलेली आहे. लांबी म्हणजे रंग देण्याआधी खड्डे बुजवायला चोपडतात तो लगदा. जिथे ती भरली आहे, तिथे मला ऊन लागत नाही की कुणाचा हात लागत नाही.

जपानातल्या एका कारखान्यात पत्र्याच्या तावावर भलंमोठं यंत्र दाबलं गेलं आणि मी जन्मलो. समुद्रातून कुवेतला आलो आणि १९९३ साली शरदसाहेबांच्या मालकीचा झालो. शरदसाहेब मूळचे पुण्याचे. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि शैलाताईंबरोबर रिग्गईत राहायचे. शुक्रवारी सकाळी स्वतः बादली घेऊन मला धुवायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पहिल्याच वर्षी बाजारात कुणीतरी मला ठोकून पसार झालं. शुवैखच्या एका गॅरेजात शरदसाहेबांना आतून मालवणीत कुणीतरी हातोडीला शिव्या देताना ऐकू आलं, आणि ते तिथेच थांबले. तो लवू होता. मालवणजवळच्या खेड्यातला, इथे खैतानला पाचसहा जणांत एका खोलीत राहणारा. त्यानं मला आतून लोखंडाच्या ठोकळ्याचा टेकू दिला आणि बाहेरून हलके हलके ठोकलं. मधूनच हातोडी खाली ठेवायचा, डोळे मिटायचा आणि उजवा तळवा माझ्यावरून फिरवायचा. केसाएवढा उंचवटा राहिला तरी त्या तळव्याला कळायचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले, देवपण काही आलं नाही, पण चिमूटभरही लांबी न लावता पुन्हा सरळ झालो. शेजारचे लोक खड्डा कुठे होता ते शोधत राहिले.

तेव्हापासून शरदसाहेबांचं ठरून गेलं. गाडीला हात लावील तर लवूच. दर दोन-तीन शुक्रवारी ते त्याला खैतानहून जेवायला घेऊन यायचे. शैलाताई सुरमई करायच्या, लवू नावं ठेवत ठेवत तीनदा वाढून घ्यायचा. तो त्यांना साहेब म्हणायचा आणि ते त्याला भाऊ मानायचे. या दोन्हींत फरक आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१९९९ च्या जानेवारीत असाच एक शुक्रवार होता. हवा गार होती म्हणून काच खाली होती, आणि लवूचा उजवा हात माझ्यावर बाहेर टाकलेला होता. सिग्नल तोडून उजवीकडून एक पिकअप आली. तिच्या आणि माझ्या मध्ये तो हात सापडला. ज्या हातानं मला घडवलं, तो मी चेपला. मला त्या वेळी काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काहीच वाटलं नाही. पत्रा वाकला, एवढंच कळलं.

लवूचं ऑपरेशन झालं. इकडे पोलिसांच्या कागदात चूक पिकअपवाल्याची निघाली, म्हणजे माझा खर्च त्याच्या विमा कंपनीनं द्यायचा होता. तिथे खिडकीवर हैदराबादच्या मुनिराबाई बसायच्या. त्यांनी समजावून सांगितलं, की गाडी आमच्या कंपनीच्या गॅरेजात द्या, तिथे नवाकोरा दरवाजा बसेल, हमीही मिळेल. शरदसाहेबांनी पॉलिसीचा कागद आणवून वाचला. ज्याच्या गाडीचं नुकसान झालं त्याला आपल्या पसंतीचं गॅरेज निवडता येईल, असं त्यात होतं. तेवढं एक वाक्य त्यांनी धरून ठेवलं आणि लवूचा हात बरा होईपर्यंत मला दोरीनं बांधून फिरवलं. मुनिराबाई वैतागल्या.

"सर, नया मिल रहा है तो पुराना क्यों ठुकवाते हो?"

"मेरी गाडी का काम लवू ही करेगा," एवढंच ते म्हणाले.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. लवू आपल्या गाडीत बसला असताना असं झालं, ही टोचणी त्यांना होती. कंपनीच्या मोठ्या कामावर लवूचं नाव लागलं की गॅरेजात त्याची जागा पक्की होईल, असा त्यांचा हिशेब होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

एप्रिलमध्ये ते मला घेऊन शुवैखला गेले. तिथे लवूचा कफीलही उभा होता. कफील म्हणजे गॅरेजचा कुवेती मालक, त्याच्याच सहीवर लवूचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना चालायचा आणि उन्हाळ्यात तो संपत होता. शरदसाहेबांनी सगळ्यांदेखत लवूच्या हाताची एक्स-रे फिल्म उजेडात धरली. हाड कसं झकास जुळलंय बघा, म्हणाले, आता पहिलं काम माझ्या गाडीचं. कफिलानं लवूकडे पाहिलं. लवूनं माझ्याकडे पाहिलं.

"हात बरो आसा," तो म्हणाला.

हाड खरंच जुळलं होतं. पण फिल्मवर हाड दिसतं, स्पर्शाची नस दिसत नाही. लवूनं हातोडी उचलली तेव्हाच मला कळलं. आपण ती धरली आहे की नाही, हे त्याला बघून कळत होतं. त्यानं डोळे मिटले आणि तळवा माझ्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला, मग डोळे उघडले. डाव्या हातानं चाचपून पाहिलं, पण त्या हाताला आयुष्यात काही शिकवलेलं नव्हतं. मग तो अंदाजानं ठोकत गेला. घाव नको तिथे पडले, पत्रा ताणला गेला. रंगकाम करणारा झहूर पेशावरचा. त्यानं लांब उभं राहून पाहिलं, लांबीचा डबा आणला आणि माझे खड्डे बुजवून टाकले. त्या दिवसापासून लवूच्या बोटांची आणि माझी अवस्था एक झाली.

काम बघायला विमा कंपनीचा तपासनीस मुस्तफा आला. त्यानं माझ्यासमोर ट्यूबलाइट धरली. चांगल्या कामात तिचं प्रतिबिंब सरळ पडतं. माझ्यात ते वाकडंतिकडं झालं. गॅरेज तुम्ही निवडलंत, काम पसंत आहे का ते तुम्हीच सांगा, असं तो शरदसाहेबांना म्हणाला. त्यांनी ते प्रतिबिंब नीट पाहिलं, आणि काम एकदम पसंत आहे म्हणून सही केली. मुस्तफा गेला. कफील मात्र माझ्यासमोर उभा राहिला, आणि बराच वेळ उभा राहिला.

लवूचा इकामा पुढे वाढला नाही.

जूनमधल्या एका दुपारी शरदसाहेब त्याला विमानतळावर सोडायला निघाले. लवू माझ्याच बाजूला बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. गावी दर्शनावहिनी आणि पोरगी वाट बघत असतील, आता आराम कर, असं काहीबाही शरदसाहेब बोलत राहिले. शेवटी गाडी थांबल्यावर त्यांना राहवलं नाही.

"लवू, मी तुझ्यासाठीच सगळं केलं रे."

"म्हायत आसा, साहेब." लवू शांतपणे बोलत होता, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं. "ह्या हाताक काय्येक लागणा नाय. लोखंड काय नि कापूस काय, सारख्याच. ता फक्त माका ठावक होता. आणखी वरसभर बारकीसारकी कामां करून मी खपवून नेलं असतंय. तुमी गाडी कंपनीच्या गॅरेजाक दिली असतास, तर कोणाक कळला नसता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"कफील हुबो होतो. आणि तुमी माका इचारलास खंय? तुमी सगळ्यांका सांगितलास."

त्यानं डाव्या हातानं मला उघडलं, डाव्याच हातानं बॅग घेतली, आणि मला इतक्या अलगद लावलं की नीट लागलोसुद्धा नाही. शरदसाहेब उतरून पलीकडून आले आणि मला पुन्हा एकदा लावलं. मग तसेच माझ्यावर तळवा ठेवून उभे राहिले. तो लांबीवर होता, म्हणून मला कळला नाही.

पुढे गाडी विकली गेली. दुसऱ्या मालकाच्या हाती अबू हलीफाच्या खाऱ्या वाऱ्यात कडा गंजल्या, आणि आज मी भंगारात इतर दरवाजांच्या चळतीत आहे. माझी तक्रार नाही. नवा दरवाजा आला असता तर मी इथे सात वर्षं आधीच आलो असतो.

पण मित्रांनो, एवढं ऐका. आपल्या वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. आपलं काम कुणाला द्यायचं ते निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे, तोही जरूर बजावा. फक्त ज्याला निवडाल त्याला आधी बाजूला घ्या, कुणी ऐकत नसेल अशा जागी न्या, आणि हळूच विचारा, बाबा रे, तुला हे काम हवंय का? आणि तो "नको" म्हणाला, तर त्याला कारण विचारू नका.