एकशे सात वर्षांचा रास्क

रास्कांच्या घराण्यात लवकर मरायची पद्धत नव्हती. निदान तोर्ग्नी रास्कचं म्हणणं तसं होतं, आणि स्मोलांडातल्या त्या गावात त्याच्याशी वाद घालायला कोणी जात नसे, कारण तो पुरावे बरोबर घेऊन हिंडायचा. मूळपुरुष स्वेन योनास पेत्तेर रास्क हा शिपाई सतराशे एकोणतीस साली जन्मला आणि अठराशे छत्तीस साली वारला. एकशे सात वर्षं. त्यातली एकोणऐंशी वर्षं त्याने पलटणीत काढली.

आता या मूळपुरुषाच्या चरित्रात दोन-तीन गोष्टी जराशा विचित्र होत्या, हे तोर्ग्नीही नाकारत नसे. चर्चच्या दप्तरात त्याला तीनदा पुरल्याची नोंद होती. पहिल्या दोन वेळा पाद्र्याची गफलत झाली, असा तोर्ग्नीचा निष्कर्ष होता. त्याचं लग्नही तीनदा लागलं होतं, आणि तिन्ही वेळा स्तीना नावाच्या त्याच बाईशी. यावरून तो मनाने फार हळवा असला पाहिजे, असं तोर्ग्नी दर वर्षी कुलसभेत सांगायचा, आणि समोरच्या बायका डोळे पुसायच्या.

डोळे न पुसणारी एकटी गुनवोर. एकाच बाईशी तीनदा लग्न करणाऱ्या माणसाच्या या वंशजाला एकदाही लग्न करणं जमत नव्हतं, आणि ज्या बाईशी ते जमत नव्हतं ती गुनवोरच होती. साखरपुडा होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हा ती पन्नाशीची होती आणि तो चोपन्नचा. बुधवारी आणि शनिवारी तो अकरा किलोमीटर गाडी हाकत तिच्याकडे जेवायला यायचा. येताना घरात घालायच्या सपाता पिशवीतून आणायचा आणि जाताना पिशवीत घालून परत न्यायचा. त्या सपाता एकदा तरी विसरून राहाव्यात म्हणून गुनवोरने काय काय केलं, ते सांगत बसत नाही. लग्नाचं, एकत्र राहण्याचं काढलं की त्याचं उत्तर तयार असे, "अगं, वेळ आहे." एकशे सातातून चोपन्न वजा केले तर त्रेपन्न उरत होते. माणूस कशाला घाई करेल?

हे एकट्या तोर्ग्नीचं नव्हतं. सगळं कूळच या आकड्यावर जगत होतं. दुष्काळाच्या वर्षांत निम्मे रास्क मिनेसोटाला गेले आणि तिथे त्यांचे रास्की झाले. काही गोथेनबर्गच्या गोदीत लागले, एक शाखा पार टास्मानियाला पोचली. कोणी भाषा विसरलं, कोणी धर्म बदलला, पण एकशे सात कोणी विसरलं नाही. आल्फहिल्ड आत्या चौऱ्याऐंशीची होती, लंगडत चालायची, आणि गुडघ्याचं ऑपरेशन नव्वदीनंतर बघू म्हणायची. मिनेसोटाच्या डेल्बर्ट रास्कीने सत्तराव्या वर्षी अक्रोडाची दोनशे झाडं लावली होती. त्यांचं लाकूड तीस वर्षांनी निघणार होतं, आणि ते कापायला करवत कोणती घ्यावी याची तो आतापासून चौकशी करत होता.

त्या वर्षी मूळपुरुषाच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. दगडावर कोरायला जन्मगावाचं नाव हवं होतं आणि तोर्ग्नीला जुनं हस्ताक्षर लागत नव्हतं. गुनवोरने चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. तिला अठराव्या शतकातला पाद्री म्हणजे किस झाड की पत्ती! तोर्ग्नीने तिला मंगळवारी दप्तरखान्यात धाडलं.

तिथे पलटणीच्या नोंदवहीत तिने ती ओळ वाचली. "क्रमांक ४७, रास्क, मेला. त्याच्या जागी योनास पेर्सोन, वय अठ्ठावीस. यापुढे रास्क."

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग बारा वर्षं पुढची पानं उलटली. "रास्क मेला. त्याच्या जागी पेत्तेर, वय बावीस. यापुढे रास्क." उंचीही लिहिलेली होती. पहिला रास्क बुटका होता, दुसरा त्याच्याहून वीतभर उंच. इतकी वर्षं कोणी ते पान पाहिलंच नव्हतं, नाहीतर मेल्यावर माणूस वाढतो असंही तोर्ग्नीने सिद्ध केलं असतं.

खरं तर ही रीत तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. पूर्वी पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला एक झोपडं द्यायचं, गाय द्यायची आणि नाव द्यायचं. सगळी पलटण स्वेन आणि योनासांनी भरलेली, हाक मारली की वीस जण ओ देणार, म्हणून असं छोटं, सुटसुटीत नाव. रास्क म्हणजे चलाख. शिपाई मेला की दुसरा यायचा, आणि त्याला तेच झोपडं, तीच गाय, तेच नाव मिळायचं. नाव माणसाचं नव्हतंच, झोपड्याचं होतं. तोर्ग्नी स्वतः यावर व्याख्यानं देत असे. शेजारच्या, असंच शिपायाचं नाव लावणाऱ्या मूडिग मंडळींना त्याने कॉफी पिता पिता सांगितलं होतं की तुमचा मूळपुरुष तुमचा नाहीच, आणि त्यांची सून रडत घरी गेली होती. पण स्वतःच्या घराची गोष्ट आली तेव्हा छापील यादीतली तीन माणसांची नावं त्याने सलग वाचली आणि एकच लांबलचक नावाचा माणूस करून टाकला. घर तेच, नाव तेच, बायको तीच. मग माणूस दुसरा असेल कशाला?

बायको तीच होती, कारण झोपडं सोडायचं नव्हतं. नवा शिपाई आला की जुन्याच्या विधवेने पोराबाळांसकट बाहेर पडायचं. स्तीनाला पडायचं नव्हतं. तिने पहिला रास्क पुरला आणि सात आठवड्यांत दुसऱ्याशी लग्न लावलं. दुसरा तापाने गेला, तेव्हा ती अडतीसची होती आणि दारात बावीस वर्षांचा पेत्तेर बोचकं घेऊन उभा होता. तिने त्यालाही आत घेतलं. गुनवोर दप्तरखान्यात एकटीच हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. सात आठवडे! आणि आपण एकोणीस वर्षं कोणाच्या आयुष्याच्या भरवशावर वाट बघतोय? तर जो कधी जन्मलाच नाही त्याच्या.

रडू यायला आणखी एक कारण होतं. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात दोघांनी काल्मारला समुद्राकाठच्या घरासाठी नाव नोंदवलं होतं. तिकडे भाड्याचं घर हवं तर रांगेत नाव घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. एकोणीस वर्षांनी गेल्या आठवड्यात त्यांचा नंबर लागला होता. घर फक्त जोडप्यांसाठी होतं. सोमवारी दुपारी बारापर्यंत दोघांनी कचेरीत जाऊन सह्या करायच्या, नाहीतर घर पुढच्याला. तोर्ग्नी म्हणाला होता, "हे राहू दे. पुन्हा नंबर लागेल की." पुन्हा नाव घातलं तर रांग एकोणीस वर्षांचीच होती.

गुरुवारी तिने त्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून त्याच्या स्वयंपाकघरात मांडल्या. त्याने त्या सावकाश वाचल्या. तो संतापेल असं तिला वाटलं होतं. पण तोर्ग्नी सभ्य माणूस होता. तो म्हणाला की हा प्रश्न एकट्याने सोडवण्यासारखा नाही, तो शनिवारी सभेपुढे ठेवायला हवा.

"तीन माणसं होती की एक, यावर तू मतदान घेणार?" गुनवोरने विचारलं.

"नाहीतर कसं ठरवायचं?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच दुसरा मार्ग दिसत नव्हता.

शनिवारी चर्चच्या सभागृहात बेचाळीस रास्क जमले. सात प्रकारची बिस्किटं होती, कॉफी होती, कार्यक्रमपत्रिका होती. तोर्ग्नी अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. त्याचा चुलतभाऊ रूने इतिवृत्त लिहीत होता. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, ध्वजाच्या काठीला रंग द्यायचं ठरलं, आणि सातव्या विषयावर घोडं अडलं. विषय होता, मूळपुरुष एक की तीन.

दोन तास चर्चा झाली. गोथेनबर्गवाल्यांचं म्हणणं पडलं की दीडशे वर्षं तो एक होता, आता एकदम तीन करणं घाईचं होईल. एकाने तडजोड म्हणून दोन सुचवले. आल्फहिल्ड आत्या म्हणाली की तो तीन असला तर तिला गुडघ्याचं ऑपरेशन याच महिन्यात करून घ्यावं लागेल, तेव्हा सभेने जरा माणुसकीने विचार करावा. डेल्बर्टला भाषा येत नव्हती. त्याला वाटलं कॉफी आणखी कोणाकोणाला हवी ते विचारताहेत, म्हणून त्याने दोन्ही वेळा हात वर केला. रूनेने नियमावली पाहिली आणि त्याचं मत अर्धं अर्धं वाटून दिलं. अध्यक्ष सोडून एक्केचाळीस मतं. एकच होता म्हणणारे वीस अधिक अर्धा म्हणजे साडेवीस, तीन होते म्हणणारेही तितकेच.

"म्हणजे निर्णय अध्यक्षांच्या मतावर," रूने म्हणाला आणि लेखणी सरसावून बसला.

सगळ्यांच्या माना तोर्ग्नीकडे वळल्या. त्याने आधी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग बिस्किटांकडे. गुनवोर शेवटच्या रांगेत बसली होती. तिला मत नव्हतं, ती अजून रास्क झाली नव्हती. त्याचं तोंड उघडायच्या आत तिला कळलं तो काय बोलणार ते.

"हा विषय पुढच्या वर्षीच्या सभेसाठी ठेवू," तोर्ग्नी म्हणाला. "वेळ आहे."

सभागृहाला हायसं वाटलं. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी किटली उचलली. गुनवोर उभी राहिली.

"मला मत नाही, ठाऊक आहे. पण प्रश्न विचारता येतो ना?"

रूनेने पुन्हा नियमावली पाहिली आणि येतो म्हणाला.

"तोर्ग्नी, पहिला एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. दुसरा चाळिसाव्या. तिसरा अडुसष्टाव्या. तू त्र्याहत्तर वर्षांचा आहेस. त्या तिघांतला एकही तुझ्याइतका म्हातारा झाला नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?"

तोर्ग्नीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. त्याने हळूच विचारलं, "आणि स्तीना?"

हे तो विचारणार याचीच तिला भीती होती. खोटं बोलता आलं असतं. ते हस्ताक्षर त्या सभागृहात तिच्याशिवाय कोणालाच लागत नव्हतं.

"स्तीना एक्क्याण्णव," ती म्हणाली.

तोर्ग्नीच्या तोंडावर पुन्हा रंग चढला. आल्फहिल्ड आत्याने टाळी वाजवली, मग तिच्या शेजारच्याने, मग सगळ्यांनीच, आणि डेल्बर्टने तर उभं राहून. मूळपुरुष कोणीही असो, एक असो की तीन असोत, रक्त तर स्तीनाचं होतंच.

"एक्क्याण्णव!" तोर्ग्नी म्हणाला. "म्हणजे अजून अठरा वर्षं. बघ, अगं, मी तुला सांगतच होतो, वेळ..."

"तुला," गुनवोर म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"स्तीना तुझी आहे, तोर्ग्नी. माझी कोणी नाही ती. तुला तिची गाय कोणत्या रंगाची होती ते माहीत आहे. माझी आई कितव्या वर्षी गेली, ते माहीत आहे?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. आठवण्यासारखं काही नव्हतं, त्याने कधी विचारलंच नव्हतं. एकोणीस वर्षं तो वजाबाकी करत आला होता, आणि त्या वजाबाकीत आपलं नाव एकदाही आलं नाही हे गुनवोरलाही त्याच क्षणी, त्याच्या तोंडाकडे बघताना, नीट कळलं. तिने पुढची खुर्ची धरली.

"सत्तराव्या," ती म्हणाली. "तिची आई अडुसष्टाव्या. मला येत्या नोव्हेंबरात सत्तर होतील."

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?" रूनेने विचारलं.

"गप बस, रूने," आल्फहिल्ड आत्या म्हणाली.

तोर्ग्नी अध्यक्षांच्या खुर्चीतून उठला. आठवा विषय बाकी होता, नववाही होता, आणि सभा अर्धी टाकून अध्यक्ष उठल्याचं त्या घराण्यात कोणी पाहिलं नव्हतं. तो खुर्च्यांच्या मधून वाट काढत शेवटच्या रांगेपर्यंत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मला भीती वाटते, गुनवोर," तो म्हणाला. "चल, काल्मारला जाऊ."

"आज शनिवार आहे. कचेरी सोमवारी नऊला उघडते."

"मग पायरीवर बसू," तोर्ग्नी म्हणाला, आणि खुंट्यांवरच्या बेचाळीस रास्कांच्या कोटांत तिचा कोट शोधू लागला.