टिकटिक्या आणि नाल्यापलीकडचा भाऊ

मी एक जुना बिनतारी टिकटिक्या आहे. मित्रांनो, हे माझे कारखान्यातले नाव नव्हे. ते परदेशी थाटाचे नाव पाठीवरून केव्हाच पुसले गेले. माझ्या बारीक कळा दाबताना टिकटिक आवाज होतो, म्हणून या घरात मला टिकटिक्या म्हणतात. माझे अंग आरपार दिसणाऱ्या निळ्या प्लास्टिकचे आहे. काडेपेटीएवढा पडदा, त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या कळा आणि डोक्यावर एक आखूड अँटेना, एवढाच माझा संसार.

मोबाइल घरोघरी पोचले नव्हते तेव्हा शाळकरी मुलामुलींसाठी मला बनवले. एकाने शब्द लिहून कळ दाबली की ते हवेतून दुसऱ्याच्या टिकटिक्यावर उमटत. मधे तार नाही, टॉवर नाही. शब्द पोचले की माझ्या पडद्यावर बरोबरची लहानशी खूण येई, आणि पलीकडचा टिर्र करून वाजे. दुकानाच्या काचेपाशी मुले आम्हाला पाहायला गर्दी करत. पण ते कौतुक फार टिकले नाही. मोबाइल स्वस्त झाले, आणि कारखान्याने आम्हाला बनवणेच थांबवले.

तेव्हापासून माझ्या मनात एक धास्ती आहे. रेडिओ एकटा असला तरी गातो. मला मात्र दुसरा टिकटिक्या लागतो. चालू झालो की मी आधी आसपास माझ्यासारखा कोणी आहे का ते शोधतो. नसला तर पडद्यावर लिहितो, 'जवळ कोणी नाही'. ते शब्द लिहिण्याची मला फार भीती वाटते.

हैदराबादच्या जुन्या बाजारात मी आणि माझा हिरवा भाऊ मोडक्या सामानाच्या ढिगात पडून होतो. तिथून संघपाल नावाच्या एका कॉलेजातल्या मुलाने आम्हाला उचलले आणि पैनगंगेजवळ, तामसीकडच्या आपल्या गावी आणले. त्याची धाकटी बहीण प्रीती तेव्हा शाळेत होती. आई रुक्माबाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाई. आई परत येईपर्यंत ही भावंडे एक घरात, एक पिंपळाखाली बसून आमच्यावरून एकमेकांना कोडी घालत. रुक्माबाईला हा पोरखेळ वाटे, पण ती कधी रागावली नाही.

आज संघपाल बेल्लमपल्लीला खाणीच्या कचेरीत कारकून आहे. प्रीती गावच्या मराठी शाळेत शिकवते. संघपालची मुलगी अर्पिता आठवीत आहे आणि आत्याजवळ, आजीजवळ राहते. नाल्यापलीकडे, जंगलाला लागून, आता त्यांचे स्वतःचे छोटे शेत आहे. आणि मित्रांनो, आम्ही अजून चालतो. संघपालसारखे आमचे मोजके चाहते जगभर विखुरलेले आहेत. कोणी आमच्यासाठी नव्या बॅटऱ्या बसवून देतो, कोणी मेलेल्या टिकटिक्यांचे सुटे भाग जपून ठेवतो. त्यांना लोक हसतात. पण नाल्यापलीकडे मोबाइलला रेंज नाही, म्हणून संघपालने आम्हा दोघांना लांब अँटेना जोडल्या, आणि अर्पिता शेतात जाताना हिरव्या भावाला घेऊन जाऊ लागली.

त्या हंगामात पैनगंगेपलीकडच्या अभयारण्यातून एक वाघ आमच्या बाजूला आला. शेजारच्या गावात त्याने गोऱ्हा मारला. बाया एकट्या शेतात जाईनाशा झाल्या. पण कापूस फुटला होता, आणि फुटलेला कापूस झाडावर किती दिवस ठेवणार? एका रविवारी रुक्माबाई अर्पिताला घेऊन वेचायला गेली. वाघ तर दूर आहे, असे ती जाताना म्हणाली.

दुपार कलताना पंचायतीच्या भोंग्यावरून आवाज आला. नाल्याच्या वाळूत ताजे पंजे दिसले आहेत, सगळ्यांनी पक्क्या रस्त्याने घरी यावे. प्रीती ओट्यावर बसली होती. तिने मला उचलले. शेतातून घरी येण्याची रोजची वाट नाल्यातूनच होती. तिने मोबाइल लावून पाहिला, पण तो लागला नाही. मग माझ्यावर लिहिले, पण घरातून माझी हाक तिथवर पोचेना. पडद्यावर तेच आले: 'जवळ कोणी नाही'.

ती मला घेऊन पाण्याच्या टाकीकडे धावली आणि लोखंडी शिडीने वर चढली. तिच्या हाताला घाम सुटला होता. माझ्या कळा निसटत होत्या. तिने लिहिले, 'नाल्यात उतरू नका. वाघ आहे.'

मी ते शब्द हवेत सोडले आणि वाट पाहू लागलो. समोर गावाची पांढरी शेते, त्यामागे नाल्याची काळपट रेघ, पलीकडे आमचे शेत आणि त्याला लागून जंगल. कुठेच काही हलत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. मग खूण आली. लगेच उत्तरही आले.

'आजी नाल्यात गेली. पाणी आणायला.'

प्रीतीने ते वाचले. खाली फॉरेस्टचा वॉचर आणि शेजारचे भगवंतराव येऊन उभे होते. तिने ओरडून त्यांना सांगितले. वॉचरने खालून सांगितले ते तिने जसेच्या तसे लिहिले, 'ताट वाजव. आजीला मोठ्याने हाक मार. नाल्यात जाऊ नको. पळू नको.'

भगवंतरावांनी ट्रॅक्टर काढला. प्रीती शिडीकडे वळली. तिला सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचे होते.

"टीचर, तुमी वरच राहा," भगवंतराव म्हणाले. "खाली आल्या तं पोरीचा धागा तुटते. आमी जाऊन राह्यलो."

ती थांबली. मित्रांनो, मला वाटते, त्या दिवशीचे सर्वांत कठीण काम तेच होते. जिवाची माणसे समोर संकटात, आणि आपण हातात एक जुने खेळणे धरून उंचावर उभे राहायचे.

बऱ्याच वेळाने माझ्या पडद्यावर अक्षरे आली. 'आजी वर आली. मचाणावर आहोत. खाली काही' आणि तिथेच शब्द तुटले.

प्रीतीने विचारले, 'खाली काय?' खूण आली, उत्तर नाही. तिने पुन्हा लिहिले, 'अर्पिता, उत्तर दे.' खूण आली, उत्तर नाही. ती लिहीत राहिली आणि मी पाठवत राहिलो. मग एका हाकेनंतर खूणही आली नाही. मी पुन्हा शोधले. भाऊ कुठेच नव्हता. आणि मला ते लिहावे लागले, 'जवळ कोणी नाही'.

प्रीती टाकीच्या कठड्याला धरून खाली बसली. ती रडली नाही. फक्त मला दोन्ही हातांत घट्ट धरून त्या रेघेकडे बघत राहिली. माझी बॅटरी उतरत होती. पडदा फिका पडत चालला होता. मी मेलो आणि तेवढ्यात भावाने हाक मारली तर, या एकाच भीतीने मी कसाबसा जागा होतो.

ऊन पिवळे झाले तेव्हा ट्रॅक्टर परत येताना दिसला. ट्रॉलीत कापसाची गाठोडी होती, आणि त्यांवर रुक्माबाई आणि अर्पिता एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. प्रीती शिडीवरून कशी उतरली ते तिचे तिलाही आठवत नाही.

पलीकडे काय झाले ते नंतर रुक्माबाईने सांगितले. ती नाल्यातल्या झऱ्यावर वाकून कळशी भरत होती. वरून ताटाचा खणखणाट ऐकून तिला वाटले, पोरीला वेडच लागले. तिला रागवायलाच ती वर आली. अर्पिताने तिला ओढत शेतातल्या मचाणावर नेले. थोड्या वेळाने वारा नसताना कापसाची झाडे एका रेषेत हलू लागली. रेषा मचाणाखाली येऊन थांबली. रुक्माबाईने नातीच्या तोंडावर हात ठेवला. आणि त्याच वेळी अर्पिताच्या मांडीवरचा माझा भाऊ टिर्र करून वाजला. मग पुन्हा वाजला. खालच्या जनावराने मान वर केली. रुक्माबाई भावाला पदरात दाबायला गेली तर तो तिच्या हातातून सुटला आणि वाजत वाजतच खाली, वाघाच्या पुढ्यात पडला. वाघ दचकून मागे उडाला आणि कापसात शिरला. तो पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या सकाळी वॉचरने नाल्यातली वाळू दाखवली. रुक्माबाईच्या चपलांचे ठसे होते, आणि त्यांच्यावर उमटलेले पंजे होते.

संघपाल बेल्लमपल्लीहून आला. त्याने लेकीला कितीतरी वेळ जवळ घेतले, मग फुटलेल्या भावाला टेबलावर उघडले. आतला हाक ऐकणारा भागच तडकला होता. प्रीती दाराशी उभी होती.

"दादा, मी सारखी लिहीत होते," ती म्हणाली. "माझ्यामुळं तो वाजला. वाघानं वर पाहिलं ते माझ्यामुळं."

उत्तर रुक्माबाईने दिले.

"वाजला मनूनच समजलं का तू तिकडं हाईस. पोरगी थरथर कापून राह्यली होती. मी तिला कानात मनलं, पाह्य, आत्या बोलून राह्यली. मंग ती जराशी निवली."

त्यानंतर कितीतरी दिवस मी फळीवर एकटाच होतो. संघपालने दूरदूरच्या चाहत्यांना विचारले. शेवटी कधी न भेटलेल्या एका माणसाने आपल्याकडच्या बंद पडलेल्या टिकटिक्याचा तो भाग पोस्टाने पाठवला. भाऊ आता चालतो. पण त्याच्या आत दुसऱ्याचे काळीज आहे, आणि तसले काळीज आता कोणी बनवत नाही. पुढच्या वेळी ते मिळेल की नाही, ही भीती माझ्यापाशी आहेच. वाघही गेलेला नाही. बाया आता घोळक्याने, मोठ्याने बोलत शेतात जातात.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिची कळ एकदा दाबून पाहा. कदाचित ती अजून ऐकत असेल. आणि तुमच्या घरचे कोणी रानात, खाणीत, लांबच्या कामावर जात असेल तर त्याला हाक पोचेल अशी काहीतरी सोय जपून ठेवा. कोणी विचारले, पोचलात का, तर उत्तर द्यायला उशीर करू नका. विचारणारे माणूस तोवर जीव मुठीत धरून बसलेले असते.